डिक्कीतली टाकी

धाकट्याने गाडीला गॅस बसवून घेतला मंगळवारी. ताईला ते कळलं गुरुवारी, आईला घेऊन दाराबाहेर पडल्यावर.

तिने नेहमीसारखं आईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, चाकाच्या खुर्चीची घडी केली आणि डिक्की उघडली. आत लोखंडी टाकी घरजावयासारखी ऐसपैस पसरली होती. उरलेल्या जागेत फार तर एक छत्री मावली असती. ताईने खुर्ची आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली. मागच्या दारातून तर चाकंच आत जाईनात. शेवटी घामाघूम होऊन तिने आईला उतरवलं आणि परत घरात आणलं.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"तुझ्या लाडक्या लेकाला विचार."

आईचा गुरुवार म्हणजे काही गंमत नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं शेजारी बसून काम केलेल्या दोन मैत्रिणींकडे दुपारी तीन ते सहा पत्त्यांचा डाव असायचा. पाय गेल्यापासून आठवड्यातले एवढे तीन तासच तिच्या हक्काचे उरले होते. वडील गाडी घ्यायला गेले तेव्हा त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खिशातून मोजपट्टी काढून प्रत्येक गाडीची डिक्की मोजली होती, आणि गाडी घेतली ती आईच्याच नावावर. ते वारल्यावर किल्ली धाकट्याकडे आली. गुरुवारची दुपार सोडली तर औषधांच्या दुकानांना माल विकत तो दिवसभर गाडीतून हिंडायचा, त्यामुळे गाडी आपलीच आहे असं त्याला मनापासून वाटायचं. असल्या माणसांना सगळंच मनापासून वाटतं.

संध्याकाळी तो आला तेव्हा ताई कपड्यांना इस्त्री करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"टाकी कोणाला विचारून बसवलीस?"

"त्यात विचारायचं काय? पेट्रोल तू भरतेस का?"

"खुर्ची कुठे ठेवायची?"

खुर्ची त्याच्या ध्यानातच आली नव्हती, हे तोंडावर स्वच्छ दिसत होतं. पण चुकलो म्हणेल तर तो धाकटा कसला?

"टपावर बांध," तो म्हणाला.

"तू येशील बांधायला? दर गुरुवारी?"

"तीन म्हाताऱ्यांच्या पत्त्यांसाठी मी माझा धंदा बुडवू का, ताई?"

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आईने सगळं ऐकलं हे दोघांनाही कळलं, तरी कोणी आवाज खाली आणला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई गॅरेजात गेली. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मी सांगितलं होतं त्यांना. स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी गोल टाकी मिळते, डिक्की मोकळी राहते. ते म्हणाले, ती लहान पडेल, सारखी भरत बसावी लागेल. मोठीच घाला."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्याने आईचे तीन तास बळी दिले होते ते गॅसच्या रांगेत दोनदा कमी उभं राहायला मिळावं म्हणून. घरी येऊन तिने हे आईला जसंच्या तसं सांगितलं. मलम लावायचं तिच्या मनातच नव्हतं. पुढचे दोन गुरुवार आईने घरात काढले, आणि मैत्रिणींचा फोन आला की सर्दी झाल्याचं सांगितलं.

घोडं अडलं ते वाहन कार्यालयात. गॅसची नोंद झाल्याशिवाय गाडी चालवणं गुन्हा होता, आणि नोंदीच्या अर्जावर मालकाने अधिकाऱ्यासमोर सही करायची होती. मालक म्हणजे आई.

"उद्या आईला तयार ठेव," धाकटा म्हणाला.

"ठेवते. नेणार कशी, ते तू बघ."

"उचलून नेईन. माझीही आई आहे ती."

ताईही गेली. मदतीला नाही, बघायला.

कार्यालयाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली अधिकारी टेबल मांडून बसला होता, समोर गाड्यांची रांग. नंबर आल्यावर धाकट्याने आईला दोन्ही हातांवर घेतलं आणि तो टेबलापुढे उभा राहिला. आई त्याच्या अंदाजापेक्षा जड निघाली. आजवर तिला उचलायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. तिची एक चप्पल गळून पडली. रांगेतले लोक टक लावून बघू लागले, आणि आईने नजर पत्र्याकडे लावली. ताईला आईचं वाईट वाटलं, पण त्याआधी भावाचे थरथरणारे दंड बघून बरं वाटलं.

अधिकाऱ्याने डिक्की उघडून टाकीचा नंबर ताडून पाहिला आणि परत येऊन खुर्चीत बसला. "बरीच मोठी बसवलीत," तो सहज म्हणाला. "डिक्कीत काही ठेवत नव्हता वाटतं?"

"छे, काही नाही," धाकटा म्हणाला.

"माझे पाय," आई म्हणाली.

अधिकाऱ्याने मान वर केली.

"माझे पाय ठेवायचो आम्ही तिथे. घडी करून."

अधिकारी उठला आणि त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली. धाकट्याने आईला तीत बसवलं, घाईघाईने अर्ज तिच्यासमोर धरला, उघडं पेन हातात दिलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. "आई, इथे."

आईने पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं. "आधी टाकी काढून आण. मी बसते इथे."

"आई, लोक बघतायत. मागे रांग आहे."

"मघाशीही होती."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. आई हट्टाला पेटली की समजूत घालायचं काम आजवर ताईचंच असे. ताईने वाकून चप्पल उचलली, आईच्या पायात घातली आणि तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"मिस्त्री सातपर्यंत असतो," ती म्हणाली.