न तापणारा कॅमेरा

चाकणजवळच्या बैलगाडा शर्यतीत रणजीत सकाळपासून पंचांसकट सगळ्यांपुढे मिरवत होता. "फोनची कौतुकं सावलीत! आपला कॅमेरा जुना असंल, पण उन्हात कधी तापत न्हाई." धाकटी बहीण तनुजा नव्या फोनवर बैलांच्या खुरांखालची धूळसुद्धा देखणी टिपत होती.

त्यांच्या चुलत्यांचा, मारुतरावांचा गाडा पहिला आला आणि समोरची पार्टी उसळली. "सुटताना बैलाला शॉक दिला!"

"दावा पंचांना शूटिंग!" मारुतराव गरजले.

तनुजाचा फोन तापून ऐन वेळी बंद पडला होता. रणजीतने मोठ्या तोऱ्यात कॅमेऱ्यावर शूटिंग मागे नेलं. गाडा सुटताना चुलतभाऊ पिंटूची मूठ बैलाच्या मांडीला टेकली होती. मुठीतली शॉकची बॅटरी लख्ख दिसत होती.

पंच गर्दी सारत येत होते. मारुतरावांनी स्क्रीनवर नजर टाकली आणि रणजीतचा दंड आवळला.

"रंज्या, तुझाबी तापलाय म्हन."

रणजीतने तोंड उघडलं, तोवर पंचांनी हसत हात पुढे केला.

"आण रं हिकडं. तुझा काय तापत न्हाई."