मला तिला जिंकू द्यायचे नव्हते

मित्रांनो, मी एक जुने स्लॉट मशीन आहे. स्लॉट म्हणजे फट. टपालपेटीला असते तशीच माझ्या कपाळावर आहे. तिच्यावरूनच मला हे नाव पडले. नाणे आत गेले की माझा दांडा मोकळा होतो. तो ओढला की स्प्रिंग ताणली जाते आणि चित्रांची तीन चाके गरगर फिरतात. मागच्या तबकडीच्या खाचेत खिट्टी पडली की चाक थांबते. तिन्ही चित्रे सारखी आली की माझ्यातून नाणी ओघळतात; ती जुळवणे मात्र माझ्या हाती नसते.

अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात, हमरस्त्यावरच्या मायतेबाईंच्या दुकानात मी दारासमोर उभे असे. ट्रकवाले मला थोपटून म्हणत, "आज तरी पाव रे बाबा!" मला केवढा अभिमान वाटे!

एका रणरणत्या दुपारी खाणकामगाराची बायको लोर्ना दूध घ्यायला आली. "दोन मिनिटांत येते हं, राणी," असे ती मोटारीत वाकून म्हणाली. मागच्या सीटवर तिची वर्षभराची लेक झोपली होती. काचा बंद होत्या.

दूध देऊन मायतेबाई स्वयंपाकघरात गेल्या. उरलेली सुटी नाणी लोर्नाने माझ्यात टाकली. दोन चाकांवर घंटेचे चित्र जुळले, तिसऱ्यावरची घंटा जराशी पुढे सरकली.

"अगं बाई, थोडक्यात हुकलं!"

मित्रांनो, थोडक्यात वगैरे काही नव्हते. चाकाला मागचे काही आठवत नाही, दर वेळी ते नव्यानेच फिरते. पण हे तिला सांगणार कोण?

मला मोटार दिसत होती. आधी चिमुकले हात काचेवर आपटले. मग ते दिसेनासे झाले. 'हरू दे, हिचे पैसे संपू दे,' एवढेच मी घोकत होते. आणि नेमकी तिन्ही चित्रे जुळली! घंटी घणघणली, नाणी खळाखळा ओघळली. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. लोर्ना हसली, आणि तीच नाणी पुन्हा माझ्यात टाकू लागली.

घंटी ऐकून मायतेबाई हात पुसत बाहेर आल्या. "लागलं वाटतं गं? आणि बाळ कुठंय?"

लोर्नाचा हात दांड्यावरच थिजला. मग ती किंचाळत धावली.

पोर लालबुंद झाली होती, रडतही नव्हती. मायतेबाई ओल्या फडक्याने तिचे अंग पुसत राहिल्या. "रड गं माझे बाई, रड." किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी एक बारीकसा रडका आवाज आला, आणि लोर्ना मटकन खाली बसली.

"मला दोनच मिनिटं वाटली हो, मायतेबाई."

"याच्यासमोर सगळ्यांना दोनच वाटतात," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी मला कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवले.

आता माझ्यावर धूळ साचली आहे. कुणी विचारत नाही याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण दाराशी मोटार थांबली की अजून माझी स्प्रिंग थरथरते. मित्रांनो, मला हवे तर पुसून शोभेला ठेवा. मात्र माझ्यासमोर तुमचे कुणी माणूस उभे दिसले, तर त्याला हाक मारा. मोठ्याने मारा. मला ती मारता येत नाही.