मी बहिरा नव्हतोच!

मित्रांनो, मी एक जुना बैल आहे. म्हातारा म्हणू नका, मला राग येतो. जुना म्हटले की कसे, मुरलेला वाटतो! भरलेली गाडी अरुंद बोळातून मागे मागे नेऊन कोठाराच्या दाराला बरोबर लावणारा बैल या शेतावर एकच झाला, आणि तो मी. पण मला वाढवताना आमच्या मालकीणबाईंच्या, म्हणजे काकूंच्या, नाकी नऊ आले होते, तेही ऐका.

जन्मलो तेव्हा माझी आई मला जवळच घेईना. काकूंचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, म्हणाले, "वहिनी, हे काही जगत नाही. उगाच जीव लावू नका." काकूंनी ऐकले नाही. बादलीतल्या दुधात बोटे बुडवून त्यांनी मला ती चोखायला दिली, आणि मी हळूहळू बादलीनेच प्यायला लागलो. मग मला जुलाब झाले. त्यातून उठलो, तर दोरीवरचा टॉवेल खाल्ला. "अरे मेल्या, तुला काय कमी केलं रे मी?" असे ओरडत काकूंनी तो माझ्या घशातून ओढून काढला. तरी निघताना कपाळावरून हात फिरवून म्हणाल्याच, "येते हं, राजा."

रोज असेच. चारा टाकून झाला की "येते हं," आणि काकू गेल्या. पाणी पाजून झाले की "येते रे," आणि काकू गेल्या. मी पडलो हुशार! मी लगेच शिकलो. 'ये' ऐकले की भेट संपली, आता पाठ फिरवून निवांत बसायचे.

मी मोठा झालो आणि मला गाडीसाठी शिकवायची वेळ आली. काकू समोर उभ्या राहून म्हणाल्या, "ये, ये!" मी पाठ फिरवली आणि बसलो. त्या जितक्या प्रेमाने बोलावत, तितका मी ऐसपैस बसे. भाऊजी पोट धरून हसले. "बहिरा आहे तुमचा राजा!" त्यांनी मागून पेंडीचा डबा वाजवला. मी चटकन वळलो.

"म्हणजे बहिरा नाही, मठ्ठ आहे," भाऊजी म्हणाले. "नुसता बसून खाणारा बैल आपल्याला झेपणार नाही, वहिनी. कापणीपर्यंत गाडीला चालला नाही, तर विकून टाकू." काकूंनी माझ्या मानेला मिठी मारली. मला फार वाईट वाटले. मी तर सगळे बरोबरच करत होतो!

कापणी तोंडावर आली. भाऊजींनी एका व्यापाऱ्याला बोलावलेसुद्धा. तो येणार त्या सकाळी काकूंनी चारा टाकला, रडवेल्या आवाजात "येते रे" म्हटले आणि त्या वळल्या. मीही वळलो आणि बसलो. दारात उभ्या असलेल्या भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो वहिनी! जाताना 'येते' म्हणता! मग येणं म्हणजे काय, ते त्याला कळणार कसं?"

काकू रडता रडता हसल्या. "मग काय 'जाते' म्हणू? जिभेवरच येत नाही हो माझ्या!"

"नका म्हणू. बोलावताना शब्द बदला."

काकूंनी हातात पेंड धरली आणि म्हणाल्या, "चल, राजा." व्यापारी आला, तेव्हा मी त्यांच्या मागोमाग अंगणभर ऐटीत फिरत होतो. भाऊजींनी त्याला फाटकातच गाठले. "माफ करा, बैल विकायचा नाही. चूक आमची होती, त्याची नव्हती."

त्यानंतर या शेतातले धान्य वर्षानुवर्षे मी घरी आणले. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाला मठ्ठ म्हणत असतील. त्याला आपण नक्की काय शिकवले, ते आधी आठवून पाहा.

आता माझ्या दातांत जोर नाही. भाऊजी स्वतः बसून माझा चारा बारीक कापतात. परवा एका पाहुण्याने त्यांना विचारले, "हा बैल अजून कशाला ठेवलाय?"

भाऊजी मान वर न करता म्हणाले, "ठेवलाय कसला? राहतो तो इथे."