जावयाचे डोळे

सकाळी बहिणीच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. बर्फ तुडवत तिच्या घरी गेलो, तर ग्लेनबा शेगडीपाशी पडलेली. कमरेचं हाड मोडलं असावं. मला तिला हलवताही येईना.

"पुस्तकं उचलून कधी हात बळकट होतात का?" कण्हतानाही तिला टोमणा सुचला.

तिची लेक लोरिंडा शहरात कामाला गेली होती. मदतीला एकटा एल्रॉय, लोरिंडाचा नवरा. आम्हा नवाहो लोकांत लग्नानंतर नवरा बायकोच्या माहेरी राहायला येतो, पण सासूचं तोंड पाहत नाही की तिच्याशी थेट बोलत नाही. पाहिलं तर डोळे जातात. ग्लेनबा मेंढ्या घेऊन निघाली की मी आधी हाक द्यायचो आणि एल्रॉय पाठ फिरवायचा. इतकी वर्षं असंच चाललं होतं. माझा यावर विश्वास होता का? एवढं वाचूनही मला ते कधी ठरवता आलं नाही.

"त्याला आत आणलंस तर बघ," ग्लेनबा म्हणाली. "लेकीच्या गळ्यात आंधळा नवरा बांधायचाय का?"

शेवटी एल्रॉयच्या डोळ्यांवर माझा मफलर घट्ट बांधला आणि हाताला धरून त्याला आत नेलं.

"मामा, सांगा त्यांना," तिला उचलताना तो म्हणाला, "पिठाचं पोतं याहून जड असतं."

"सांग त्याला, पोत्याला हाड नसतं. हळू चाल म्हणावं."

पिकअपच्या मागच्या सीटवर मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. एल्रॉयनं मफलर सोडण्याआधी पुढचा आरसा छताकडे वळवला.

दवाखाना लांब होता आणि रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. ग्लेनबानं माझी बाही ओढली. "आपल्या मावशीच्या जावयाचं काय झालं, आठवतं ना? महिन्याभरात त्याला पेटता दिवा दिसेना. मी मेले तरी याला वळू देऊ नकोस."

मी हो म्हणालो.

एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली. ग्लेनबाच्या घशातून घरघर आली आणि तिचे ओठ निळे पडू लागले. दातांची कवळी आत सरकली होती. मी बोटं घातली, पण कवळी हाती लागेना.

एल्रॉयनं गाडी थांबवली. वणवा विझवायच्या टोळीत असताना तो असले उपचार शिकला होता. तरी तो समोरच पाहत राहिला. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती.

"मामा, वळू का? तुम्ही सांगाल तसं."

आमच्यात मामाचा शब्द मोडत नाहीत. आयुष्यभर माझा शब्द कुणी मागितला नव्हता.

"वळ," मी म्हणालो.

तो मागे आला, वाकला, तोंडात पाहिलं आणि कवळी उपसून काढली. ग्लेनबानं मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि थेट त्याच्याकडे पाहिलं. दोघंही दचकले. मग तिनं चेहऱ्यावर शाल ओढली आणि तो पुढे जाऊन बसला.

बरंच अंतर गेलो. मग गाडीचा वेग कमी झाला. एल्रॉयनं बाहीनं समोरची काच पुसली. परत पुसली.

"मामा," तो हळूच म्हणाला, "धुकं उतरलंय का हो?"

बाहेर लख्ख ऊन होतं. बर्फावरून ते अंगावर येत होतं. तेवढ्यानंच त्याचे डोळे दिपले असतील, मी मनाशी म्हणालो.

"काय म्हणाला तो?" शालीखालून ग्लेनबानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.