बारा सेकंदाची जनकाबाई

जनकाबाईचा चेहरा माह्याच हातानं पुसल्या गेला. हे आधी सांगून टाकतो. बाकीचं मागून.

मी तौसिफ. संग्रामपूरले बसस्टँडच्या मागं माहं डिशचं दुकान आहे. बारावीत दोनदा नापास. इंग्रजी आली ती सायबर कॅफेत बसून, चीनच्या कंपन्यांले मेल करू करू. दुकान पहिले दोघांचं होतं, माहं अन् प्रेमानंदचं. प्रेमानंद माहा चौथीपासूनचा दोस्त, त्याचं गाव इथून पाच किलोमीटर. जनकाबाई त्याची माय. मीबी तिले मायच म्हणत होतो.

२०११ ची गोठ. लोकांले फुकटचे चॅनल पाहिजे होते, महिन्याचं रिचार्ज नको. त्याले लागते एक छत्री, अन् छत्रीचं सिग्नल टीव्हीत सोडणारा डब्बा. रिसीव्हर. दिल्लीहून जे डब्बे येत ते दोन महिन्यात तापून बंद पडत, अन् लोकं ते आणून आमच्या काउंटरवर आपटत. प्रेमानंद म्हणे, दिल्लीवाला तरी कुठून आणते, चीनहूनच ना, मग आपणच काऊन आणू नये.

तीन महिने मेल केले. एकोणीस कंपन्या. कोणी म्हणे पाच हजार नगाच्या खाली बोलूच नका. कोणी जवाबच देत नव्हतं. शेन्झेनच्या एका कारखान्यातल्या लिन नावाच्या पोरीनं मात्र तीनशे नगाले हो म्हटलं. तिची इंग्रजी माह्यासारखीच होती, म्हणून जमलं. तिनं पाठवलेला पहिला डब्बा आम्ही वैशाखात दुकानाच्या टिनावर ठेवून दोन दिवस चालवला. उन्हानं त्याची वरची पट्टी वाकली. तसं तिले कळवलं. आमच्याकडं लाईट कधी बल्ब फुटतीन इतकी येते, कधी पंखा फिरत नाही इतकी कमी, हेबी कळवलं. तिनं आतली सप्लाय बदलली, बाजूनं हवेची छिद्रं वाढवली, अन् पुन्हा पाठवला. तो टिकला.

मग तिनं धंद्यातली एक रीत शिकवली. माल पसंत पडला का तसेच दोन डब्बे बनवायचे. दोन्हीले पट्टी चिकटवायची, पट्टीवर दोन्हीकडच्यांच्या सह्या. एक तिच्याकडं राहीन, एक आमच्याकडं. उघडायचा नाही, वापरायचा नाही, विकायचा त नाहीच. उद्या माल खराब निघाला, भांडण झालं, त तोच पुरावा. आम्ही मान हलवली. आमच्या डब्ब्याच्या पट्टीवर प्रेमानंदनं मराठीत सही केली, मी इंग्रजीत.

डब्बा चालू केला का चॅनल यायच्या आधी बारा सेकंद एक चित्र दिसते. सह्या व्हायच्या आधीच लिननं विचारलं होतं, तिथं दुकानाचा लोगो टाकायचा का. आमच्या दुकानाले नीट बोर्ड नव्हता, लोगो कुठून आणता. प्रेमानंद म्हणे, मायचा फोटो टाकू.

त्याले कारण होतं. त्यांच्या गावात पेरणीची पहिली मूठ जनकाबाईच्या हातानं टाकत. कोणाचं नवं बियाणं असो का नवी विहीर, लोकं तिलेच बोलावत. आमच्या दुकानाचं कुलूपबी तिनंच उघडलं होतं. मग तीनशे घरात टीव्ही सुरू होईन, त पहिला हात तिचाच पाहिजे ना.

फोटो २०१० चा, प्रेमानंदच्या मोबाईलातला. बीटी कापसाचं चांगलं वर्ष होतं ते. पऱ्हाटी छातीइतकी, बोंडं फुटून पांढरं झालेलं वावर. फवारणीचा पंप त्या साली कोणी फारसा बाहेर काढला नव्हता. जनकाबाईच्या कमरेले वेचणीचा ओटा, म्हणजे कपड्याची झोळी, त्यात गच्च कापूस. तिले फोटोचा भारी राग. मोबाईल दिसला का तोंड फिरवे. पण तेव्हाच मी काळ्या मातीत सटकून बुडावर पडलो, अन् ती जे हसली ते प्रेमानंदनं धरलं.

तिचा नवरा भाऊराव काका तेवढा बोलला होता.

"जित्या माणसाचा फोटो असा लावत नाहीत बे."

मी म्हटलं, काका, भिंतीवर कुठी लावून राह्यलो, डब्ब्यात आहे. तो तंबाखू मळत राह्यला.

लिननं मेलात विचारलं, ही तुही आई का? मी हो लिहिलं.

तीनशे डब्बे आठ महिन्यात गेले. लोकं त्याले कंपनीच्या नावानं ओळखतच नव्हते, जनकाबाईचा डब्बा म्हणत. पोरं टीव्ही लावायले सांगत त म्हणत, जनकाबाई लाव. एकदा ती जळगाव जामोदच्या बाजारात गेली, त बांगड्यावाली तिच्याकडं पाहतच राह्यली, अन् मग म्हणे, तुम्ही त आमच्या टीव्हीतल्या. घरी येऊन तिनं आम्हा दोघांले शिव्या घातल्या. पण शिव्या देता देता पदराआड हसून राह्यली होती.

माह्या बहिणीचं, आसमाचं लग्न त्याच दिवसातलं. सासर उंद्रीचं. द्यायच्या सामानात डब्बा ठेवायचा होता, अन् दुकानात एकबी शिल्लक नव्हता. एक होता. सह्यावाला. प्रेमानंद म्हणे, लिनचा माल चांगला निघाला, आता कायचं भांडण अन् कायचा पुरावा. बहिणीले काय रिकाम्या हातानं पाठवतो. मी रुमालानं पुसून दिला.

आमच्याकडं चांगली चीज कपाटात कोणी ठेवते का? कोणाच्या तरी कामी येते ना. लिनले हे मी कधीच सांगतलं नाही.

२०१५ मध्ये प्रेमानंद चाकणले कंपनीत लागला. दुकान माह्यावर सोडून गेला, भांडण नव्हतं काही.

२०१७ ले बोंडअळी आली. गुलाबी. बोंड वरून हिरवंगार, फोडलं का आतून किडलेलं. ज्या बीटीले फवारा लागत नाही म्हणत, त्याच बीटीवर लोकं आठवड्याले दोनदा फवारू लागले. पऱ्हाटी त्या साली डोक्याच्या वर गेली होती, औषध मारलं का वरूनच अंगावर पडे. भाऊराव काका पंप मारे, जनकाबाई ड्रममध्ये औषध कालवून देई. उघड्या हातानं. दसऱ्याच्या दोन दिवस मागून तिले उलट्या झाल्या. मग म्हणे, मले दोन दोन दिसून राह्यलं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वारली.

मी होतो तिथं. एवढंच लिहितो.

भिंतीवर लावायले फोटो शोधला. प्रेमानंदचा तो जुना मोबाईल कधीचाच पाण्यात पडून गेला होता. त्या कार्डातलंबी काही निघालं नाही. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती कोणी अंगावर ओरडल्यासारखी दिसते. भाऊराव काका त्या फोटोकडं पाठ करून बसे. दिवेलागणीले टीव्ही लावे, अन् ती बारा सेकंद पाहे. पुढं बातम्या लागो का किर्तन, त्याले काही देणंघेणं नव्हतं. कधी बंद करून पुन्हा लावे. मी गेलो का मलेबी बसवे. "थांब, येईन आता," म्हणे. अन् ती येई. ओटा भरून कापूस, अन् हसणं.

२०१९ मध्ये वरून, उपग्रहावरच, चॅनलची जागा बदलली, अन् आमच्या डब्ब्यात निम्मे चॅनल दिसनासे झाले. लोकं दुकानात येऊन उभे. त्याले नवं सॉफ्टवेअर लागते, पेनड्राईव्हनं भरावं लागते. मी लिनले मेल केला. ती तिथंच होती. तिनं लिहिलं, हे मॉडेल आता बंद होऊन राह्यलं, इंजिनियर या महिन्यात जाणार आहे, जाण्याआधी एक शेवटचं सॉफ्टवेअर बनवून देईन. अन् खाली लिहिलं होतं, तुझ्या आईचा तो कापसातला फोटो आमच्याकडून हरवला, तो पुन्हा पाठव, म्हणजे टाकते.

लोकं दुकानात बोंबलून राह्यले होते. फोटो त माह्याजवळबी नव्हता. कोणाच्या टीव्हीवरून मोबाईलनं काढून पाठवता आला असता. पाच मिनिटाचं काम. मी लिहिलं, गरज नाही, फाईल लवकर पाठव.

गरज नाही. माहेच शब्द. तो मेल अजून आहे.

चाळीस दिवस गाडीवर फिरलो. एकेक घर. पेनड्राईव्ह लावायचा, तीन मिनिट थांबायचं, चॅनल आले का चहा प्यायचा अन् पुढं. नवीन चित्र आलं हे दिसत होतं मले, निळ्यावर कंपनीचं नाव. पण डोक्यात शिरलंच नाही. चॅनल मोजत होतो मी. भाऊराव काकाचं घर मुद्दाम शेवटले ठेवलं, निवांत बसता येईन म्हणून.

पेनड्राईव्ह काढला, डब्बा बंद करून चालू केला. निळं आलं. मग चॅनल, एकदम साफ. मी मोठ्या हौसेनं रिमोट त्याच्या हातात दिला. त्यानं घेतला नाही.

"जनका कुठी गेली?"

मी म्हटलं, येते काका. बंद केला, चालू केला. निळं. पुन्हा केला. तो बाजेवर पुढं सरकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यावर, गाडीची वाट पाहणारा माणूस बसते तसा. पाचव्या खेपेले तो म्हणे, राहू दे.

प्रेमानंदले मीच फोन केला. कोणी दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा मी सांगतलेलं बरं. त्याच्या मागं कंपनीचा भोंगा वाजून राह्यला होता.

"त्याले तेवढंच होतं रे, तौसिफ."

एवढं बोलला, अन् ठेवला.

मग शोध सुरू. नवं सॉफ्टवेअर न भरलेला एकबी डब्बा भेटला असता त काम होतं. पण मी कामाले पक्का माणूस, घर सोडलं नव्हतं एकबी. जे बंद पडले होते ते भंगारात गेलेले. वीज पडून जळालेले दोन भेटले, आत नुसती काजळी. लिनले लिहिलं, यावेळेस सगळं खरं लिहिलं, माय वारली हेबी. चार दिवसानं जवाब आला. तिच्याकडचा सह्यावाला डब्बा तीन वर्षांनी नियमानं तोडून टाकला होता. इंजिनियर गेला होता. अन् शेवटी लिहिलं होतं, पण काळजी करू नको, एक तुझ्याकडं आहे ना, सील केलेला.

मी दुकानात बसून ते वाचलं. अन् मले आसमा आठवली. तिच्या सासरी वर्षभरातच दुसऱ्या कंपनीची डिश लागली होती, म्हणून मी उंद्रीले भरायले गेलोच नव्हतो.

खामगावले गाडी बदलून उंद्रीले गेलो. आसमानं पहिले टोमणा मारला, वर्षानुवर्ष येत नाही, अन् आला त दिलेलं परत न्यायले. डब्बा पेटीच्या तळाशी होता, लग्नातल्या दुपट्ट्यात गुंडाळून. पट्टी अर्धी निघालेली, प्रेमानंदची सही तेवढी राह्यलेली. तिच्या टीव्हीले जोडला, बटन दाबलं. जनकाबाई आली. आसमा हातात चहाची कपबशी घेऊन दारातच उभी राह्यली. तिच्या हळदीच्या पुऱ्या जनकाबाईनं लाटल्या होत्या. मग आसमानंच डब्बा पुन्हा त्या दुपट्ट्यात बांधला, अन् म्हणे, दुपट्टाबी राहू दे त्याच्यासंगं.

मोबाईलनं पडद्याचा फोटो घेतला होता. येता येता खामगावले तो मोठा करून फ्रेमबी करून घेतली. जरा धूसर आला, पण हसणं आलं होतं.

भाऊराव काकासमोर दोन्ही ठेवले. सांगतलं, काका, ह्या डब्ब्यात चॅनल येणार नाहीत, जुना आहे. नुसती माय येईन, अन् मग सिग्नल नाही असं लिहून येईन. पाहिजे त फ्रेम लावून देतो भिंतीवर, म्हणजे दिवसभर दिसीन. त्यानं फ्रेम हातात घेतली, अंगठ्यानं काच पुसली, अन् बाजेवर पालथी ठेवली.

"भिंतीवर लावली का ती मेली, पोरा. ह्या डब्ब्यात ती येते."

मी डब्बा जोडायले उठलो. त्यानं माह्या हातावर हात ठेवला. रागानं नाही.

"तू राहू दे. मी लावतो."

तीन रंगाच्या तीन पिना. त्यानं लाल जागी पिवळी घातली, काढली, पुन्हा घातली. या तालुक्यातल्या किती छतावर मी चढलो, अन् तिथं दोन हात लांब नुसता उभा. डब्ब्याले हात लावायची सोय नव्हती. तिसऱ्यांदा त्याले जमलं. मग तो चॅनलवाला डब्बा उचलून त्यानं माह्या हातात दिला. म्हणे, हा घेऊन जाय, मले काय करायचा.

मी अंगणात आलो. आत बटन वाजलं. मी मनात मोजत होतो. अकराले पुन्हा बटन वाजलं. ते सिग्नल नाही लिहून यायच्या आधीच त्यानं बंद केला होता.

डब्बा गाडीच्या हँडलले अडकवला. किक मारली नाही. आत पुन्हा बटन वाजलं, अन् मी पुन्हा एकपासून मोजू लागलो.