माझ्या काचेवरची रेघ

मित्रांनो, मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे. माझ्या काचेवर एक ओरखडा होता आणि त्यात माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचा, ताईचा, चांगलाच फायदा होता. तेव्हा सुरुवात तिच्या फायद्यापासूनच करतो.

ताईचा भाऊ माउथऑर्गन वाजवायचा. जोडीला एक गिटारवाला, एक ड्रमवाला आणि दिवसा दवाखान्यात रुग्णांची नावं पुकारणारी एक गायिका. लाँड्रीच्या वरच्या खोलीत अधूनमधून या चौघांचा कार्यक्रम व्हायचा. पत्रकं ताई घरीच करायची. जुन्या मासिकांतली अक्षरं कापायची, खळीनं चिकटवायची, मध्ये काळ्या पेनानं चित्र काढायची आणि तो कागद माझ्या काचेवर उपडा घालायची. कधीकधी खळ ओलीच असायची. तिचा तो आंबूस वास मला अजून आठवतो.

एकदा भावाच्या मनात आलं, चित्र कशाला, खराखुरा माउथऑर्गनच छापू. त्यानं तो काचेवर ठेवला, वाकडा वाटला म्हणून दाबून सरकवला, आणि माझ्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा! तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रतीवर एक काळी, मधोमध जराशी झुकलेली रेघ उमटू लागली.

दुकानाचे मालक काका म्हणजे वाकडी टाचणीही सरळ करून वापरणारा माणूस. तरी ताईनं त्यांना गाठलंच.

"काका, रेघेच्या प्रतीला पूर्ण पैसे कोण देतं?"

"अगं, पण रेघ पाडली कुणी?"

"दादानं. त्याच्याशी तुमचं काय ते बघा. मी गिऱ्हाईक आहे."

काकांनी कपाळावर हात मारला आणि निम्मे पैसे घेतले. मग ताई दर खेपेला आधी माझ्या काचेला नावं ठेवायची आणि मगच पिशवीत हात घालायची.

गंमत पुढेच आहे. घरी चित्र काढताना ती रेघेसाठी जागा सोडायला लागली. एकदा तिनं रेघेची गिटारची तार केली, एकदा चिमण्या बसवल्या, एकदा वर होडी काढून पाणी केलं. खांबावरचं पत्रक लांबून दिसलं तरी लोक म्हणायचे, "रेघवाल्यांचं दिसतंय." काकांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ते प्रती मोजायचे, चित्र बघायचे नाहीत; गठ्ठा हातात दिला की त्यांच्या लेखी काम संपलं.

लोक पत्रक ओळखायचे, पण जिना चढायचे थोडेच. शेवटी लाँड्रीवाल्या बाईंनी सांगून टाकलं, "या वेळी खोली भरली नाही, तर तिथं इस्त्रीची टेबलं टाकणार. तुमच्या गाण्यानं काही कपडे वाळत नाहीत."

ताईनं तेच मनावर घेतलं. तिनं चौघांना चिमटे लावून वाळत घातलेले काढले; कॉलर धरून लटकलेले, पाय हवेत. दोरी काढलीच नाही. दोरी मी देणार होतो. सकाळी कागद काकांकडे ठेवून ती कामावर गेली.

दुपारी ती आली तेव्हा गठ्ठा तयार होता आणि काका खुशीत होते.

"काका, रेघ कुठाय?"

"घालवली! नवी काच बसवली. म्हटलं, पोरीची कटकट एकदाची संपू दे."

ताईनं वरचं पत्रक उचललं. चौघे कशालाच न धरता हवेत लटकले होते. तिनं काकांना रेघेचं सगळं सांगितलं. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. नवा कागद घ्यायला पैसे नव्हते, आणि एकदा छापलेला कागद पुन्हा पोटात घेतला की मी हमखास अडकवायचो.

काकांनी गठ्ठा पुढ्यात ओढला. मग पट्टी आणि पेन काढलं.

"पट्टी नको काका. कपडे वाळत घालायच्या दोरीला झोळ असतो."

"आता दोरी कशी असते तेही तूच शिकव मला."

दोघांनी मिळून एकेका पत्रकावर दोरी काढली. ताईची डौलदार, काकांची जत्रेतल्या डोंबाऱ्यालाही पेलणार नाही अशी. या वेळी ताईनं पत्रकं हातोहात वाटली; प्रत्येकावरची दोरी वेगळी. दुसऱ्या दिवशी लोक हातातली पत्रकं जुळवत, "तुझी दोरी बघू" म्हणत जिना चढले. खोली भरली. बाईंनी दारात उभं राहून ऐकलं आणि इस्त्रीची टेबलं खालीच राहिली.

आता दुकान नाही. मी ताईच्या घरी चादर पांघरून असतो. कार्यक्रमाच्या बातम्या फोनवरून जातात. मित्रांनो, जुन्या वस्तूची काच पुसाल तेव्हा मऊ, कोरडा फडका घ्या. आणि तिच्यातला एखादा दोष काढून टाकण्याआधी, तो कुणाच्या उपयोगी पडतोय का, एवढं विचारा.

राहिला हिशोब. पुढच्या पत्रकाला ताईनं रेघ स्वतःच काढून आणली आणि मुकाट्यानं पूर्ण पैसे ठेवले. काकांनी कागद उजेडात धरला.

"रेघ आहे ना? मग निम्मेच."

काच त्यांची गेली, पेन त्यांचं झिजलं, आणि उरलेले निम्मे पैसे दुकान असेपर्यंत त्यांनीच सोसले.