चार बोटं गज

जिथं घासतं तिथं तेल. फॅक्टरीत अठ्ठावीस वर्षं लेथवर काढली, तिथं हा एकच धर्म पाळला. त्याच धर्मापायी मी माझ्या पोरीच्या पहिल्या कार्यक्रमाची वाट लावायला निघालो होतो. हसायचं तर हसा, आता मीही हसतो.

शालन नऊ वर्षांची असताना एकदा तिला घेऊन अंबरनाथ पूर्वेला विष्णुपंतांकडं गेलो. पंत आमच्या ड्रॉइंग ऑफिसात साहेब, आणि घरी व्हायोलिन शिकवायचे. मी फाइल द्यायला गेलेलो, तर पोरगी त्यांचं वाजवणं ऐकत उंबऱ्यातच बसली. उठेचना! पंत म्हणाले, "रामभाऊ, रविवारी घेऊन या हिला." झालं, लागलं वेड.

मग बुवापाड्यात आमच्या चाळीत जो आवाज सुरू झाला, बाप रे! शेजारची भागीरथी विचारायची, "काय हो, मांजर दारात चेंगरलं काय?" पण शालन हटली नाही. पहाटे पाचला मांडी घालून बसायची, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून. बोटांना घट्टे पडले, घोट्यालाही पडला. मी लेथ शिकलो तेव्हा याच्या निम्मीही मेहनत केली नव्हती. खोटं कशाला बोलू?

पंतांची एक तऱ्हा मात्र मला पटायची नाही. त्यांनी तिच्या गजाला मुठीपासून चार बोटांवर लाल धागा बांधला. म्हणाले, "याच्यापलीकडं गज न्यायचा नाही, आणि सूर तुटलेला मला ऐकू येता कामा नये." असं तब्बल वर्षभर! मी म्हटलं, अहो पंत, हातभर गज घेऊन दिलाय तो काय पाठ खाजवायला? पंत नुसते हसले. शालन म्हणाली, "बाबा, तुम्ही गप्प बसा." बसलो.

एकोणनव्वद साली ती सोळाची झाली. पूर्वेच्या एका संगीत मंडळात पंतांनी तिचा कार्यक्रम ठरवला. मंडळवाले कुरकुरत होते, बुवापाड्यातली पोर, हिला ऐकायला कोण येणार? पंतांनी ठणकावून सांगितलं, "ती पडली, तर मीही तुमच्या व्यासपीठावर पुन्हा पाय ठेवणार नाही."

त्या दिवशी दुपारी शालन आंघोळीला गेली. व्हायोलिनची पेटी उघडी होती. बघतो तर गजाचे केस कोरडेठाक, वर पांढरी भुकटी. मला वाटलं, अरेरे, सुकलेत बिचारे. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेतली, गज मुठीशी धरला आणि वरपासून खालपर्यंत छान बोट फिरवलं. केस चमकायला लागले. पेटी लावून टाकली. केवढा खूश होतो म्हणून सांगू!

हॉलवर पोचायला उशीर झाला. तारा तिनं बोटानं छेडूनच लावल्या. तंबोरा सुरू झाला, पोरीनं गज तारेवर ठेवला, ओढला, आणि आवाजच नाही. गज नुसता घसरला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. तिनं केस नाकाशी नेले. मग सरळ माझ्याकडं बघितलं.

शेजारी माझी बायको काशी कुजबुजली, "काय केलंत तुम्ही?" वाटलं, सात वर्षं पोरीनं जाळली आणि मी दोन थेंबांत बुडवली.

शालननं डोळे मिटले. गज पार मुठीशी आणला, जिथं माझी मूठ होती, तेल पोचलं नव्हतं. चार बोटं, बस. आणि षड्ज लागला, अहाहा! पाऊण तास तिनं पूरिया धनाश्री तेवढ्याच गजावर वाजवला. गज कधी फिरला ते कुणाला कळलं नाही. मंडळाचा तो कुरकुऱ्या सेक्रेटरी "वा, वा" करत मांडीवर ताल धरून होता. मी मात्र रडत होतो, भर हॉलात, लाज न बाळगता.

कार्यक्रम संपल्यावर पंतांनी गजावर बोट फिरवलं. "हे कुणी केलं?"

"माझ्याच हातून सांडलं, सर," शालन म्हणाली.

"खोटं बोलतेय ती," मी पुढं झालो. "मी लावलं. तेल."

पंतांचा चेहरा लालबुंद. "अहो रामभाऊ, याला राळ लावतात! गज तारेला चिकटला तरच ती बोलते!" मग गज तिच्या हातात देत हळूच म्हणाले, "मी धागा बांधला होता तो शिकवायला. तिला एवढं आलंय हे मला आज कळलं."

गजाला नवे केस बसवून आणले, तेव्हा शालननं राळेचा खडा माझ्या हातात ठेवला. "आजपासून हे काम तुमचं, बाबा."

आता ती नाशिक, पुणे, कुठं कुठं वाजवते. रेडिओची परीक्षाही पास झाली. प्रत्येक कार्यक्रमाआधी मी आत बसून राळ लावतो. मुठीजवळची चार बोटं आधी, आणि तिथं दोनदा.